कॅटफिशच्या मिशांना विष नसतं, सांभाळायचे ते काटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या नदीवरच्या मासेमारीवर लेख आला होता, तो आम्ही घरात सगळ्यांनी वाचला. फोटो मस्तच होते पण त्यात एक वाक्य असं होतं की चॅनल कॅटफिशच्या मिशांना विष असतं म्हणून मिशांना हात लावू नये. हे साफ चूक आहे हो. आणि ही चूक साधी नाही, याच समजुतीपायी गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात काटा घुसला, म्हणून एवढं लिहायला बसले.

आम्ही कॅन्सस सिटीजवळ राहतो. पार्कव्हिलला मिझुरी नदीच्या काठावर पार्क आहे, तिथे आम्ही शनिवारी गळ टाकून बसतो. नदीत दगडांचे बांध आडवे घातलेत, त्यांच्या आडोशाला पाणी जरा संथ असतं आणि मासे तिथेच दबा धरून असतात. मुलाला कुणीतरी मिशांची भीती घातली होती, त्यामुळे दोनेक पौंडाचा मासा वर आल्यावर त्याने मिशा टाळल्या आणि मागून दोन्ही बाजूंनी मूठ आवळली. माशाने एक हिसका दिला आणि कल्ल्यामागचा काटा थेट अंगठ्याच्या मुळाशी गेला. रक्त फार नाही आलं पण पाच मिनिटांत हात फुगला आणि तो ठणक्याने रडायला लागला. आम्ही आधी बर्फ लावत बसलो, तेही चुकलंच. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवायचा, त्या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून बघायचं, भाजलं तर दुसरंच दुखणं. शिवाय काट्याचं टोक आत मोडलंय का ते बघून घ्यायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवायचं आणि सूज वाढली तर घरी बसून राहायचं नाही.

आता मासा नीट सांगते. चॅनल कॅटफिशला आठ मिशा असतात, दोन नाकाशी, दोन तोंडाच्या कोपऱ्यांना आणि चार हनुवटीखाली, आणि त्या मऊ असतात, बोटावरून फिरवल्या तरी काही होत नाही. गढूळ पाण्यात तो त्यांनीच चव घेत खाणं शोधतो, म्हणून तर इथे लोक कोंबडीची कलेजी किंवा वास मारणारं चीज गळाला लावतात. टोचतात ते तीन काटे, एक पाठीवरच्या पराचा आणि एकेक दोन्ही बाजूंना. मासा घाबरला की ते ताठ उभे करतो आणि ते तिथेच अडकतात, मग बोटाने दाबून बसवायला जाऊ नका. काट्यावरच्या कातडीत विष असतं आणि बाजूच्या काट्यांना मागून करवतीसारखे दातेही असतात. लहान मासा जास्त टोचतो, त्याचे काटे अजून झिजलेले नसतात. हातात घेतला की हेच बाजूचे काटे हलवून कर्र कर्र आवाज करतो, तो आवाज आला की समजायचं काटे उघडलेत.

यंदा माझे वडील आले होते. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याजवळ, बाबांनी आयुष्यभर शिंगाडा मासा (आपल्याकडचा कॅटफिशच तो) हाताळलेला. इथे पासष्टच्या पुढच्यांना लायसन्स लागत नाही, पण ती सवलत मिझुरीच्याच रहिवाशांना, म्हणून बाबांचं एका दिवसाचं परमिट काढलं (येणाऱ्या आईवडिलांसाठी हे लक्षात ठेवा). पहिलाच मासा लागला तर बाबा नातवाला म्हणाले, "मिशीला काय भितोस रे, काटा बघ." हात ओला केला, पोटाखालून घातला, अंगठा एका काट्याच्या मागे, बोटं दुसऱ्याच्या मागे, तळवा पोटाला, पाठीचा काटा वर मोकळा. मासा गप्प बसला. पकडीने गळ काढला आणि सोडला. मुलगा चार वेळा ते बघत राहिला आणि पाचवा मासा त्याने स्वतः धरला.

हात ओला का तर या माशाला खवले नसतात, अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या टॉवेलने तो निघून जातो आणि मग सोडलेल्या माशाला जखमा, बुरशी होते. मोठा मासा नुसत्या जबड्याला लटकवून फोटो काढू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा. जूनमध्ये तर जास्तच जपावं, कारण मादी अंडी घालून जाते आणि नर आठवडाभर कपारीत अंडी राखत बसतो, परांनी वारा घालतो. तो बाप तुमच्या हातात असेल तर त्याला लवकर परत जाऊ द्या ना. हा मिझुरीचा राज्य मासा आहे, 1997 पासून, आणि 1992 मध्ये या नदीवर कॅटफिशची व्यापारी मासेमारी बंद केली म्हणून आज आम्हाला मोठे मासे दिसतात.

अजून एक, लेखात याला बासा म्हटलंय. पुण्यातल्या हॉटेलात मिळतो तो बासा व्हिएतनामचा, वेगळ्या कुळातला, अमेरिकेत 2002 च्या कायद्यानुसार त्याला कॅटफिश म्हणून विकताही येत नाही.

दर मे महिन्यात आपल्याकडचे कितीतरी आजीआजोबा इकडे येतात आणि नातवंडांबरोबर नदीवर जातात. त्याच्या आधी, त्याच पानावर, काटे कुठे असतात आणि काटा लागला तर गरम पाणी, एवढी दुरुस्ती चौकटीत छापा ही कळकळीची विनंती.

आपली एक वाचक,
कॅन्सस सिटी, मिझुरी