टॉवेलचे शुल्क : सोलापूर आणि कॅनापोलिस

मा. संपादक,

अमेरिकेच्या आयात शुल्काची चर्चा आपल्याकडे ‘भाव किती पाडायचा’ इथेच थांबते. आकडा तरी नीट मांडू. टेरी टॉवेलवर तिकडचे मूळ शुल्क 9.1 टक्के. 27 ऑगस्ट 2025 रोजी भारतीय मालावर त्याशिवायचे जादा शुल्क 50 टक्के झाले (2026 मध्ये ते उतरले). चार डॉलरचा टॉवेल आधी शुल्कासह 4.36 ला पडायचा (भाडे वेगळे). खरेदीदाराला तेवढ्यातच द्यायचा तर तो इथून 2.74 डॉलरला, म्हणजे जवळपास 31 टक्के कमी भावाने विकावा लागत होता. सूत काही त्या प्रमाणात उतरत नाही. मग कात्री लागते वजनाला आणि मजुरीला.

वजनाची कात्री अंगलट येते. 70 बाय 140 सेंटिमीटरचा 500 जीएसएमचा (चौरस मीटरमागे 500 ग्रॅम) टॉवेल 490 ग्रॅम भरतो. साध्या मागावर लूपचा बीम (टॉवेलचे फासे ज्या सुताचे होतात त्याचा रूळ) रिकामा होत जातो तसा सुताचा ताण वाढतो. लेट-ऑफची, म्हणजे बीमवरून सूत सोडणाऱ्या यंत्रणेची, वजने वेळेवर कमी केली नाहीत तर लूप बुटके पडतात. माल आधीच काठावरच्या वजनाचा असेल तर अख्खा लॉट नापास. रंगातही तेच. अझो प्रकारच्या कापडरंगातून सुटणारी घातक अमाइन रसायने किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेली की युरोपात तो माल विकता येत नाही. स्वस्त रंगात वाचवलेले पैसे परतीच्या भाड्यात जातात.

बरे, शुल्क लावून तिकडचे माग सुरू होतील म्हणावे, तर तेही नाही. नॉर्थ कॅरोलायनातले कॅनापोलिस हे कॅनन टॉवेलचे गिरणगाव. 30 जुलै 2003 रोजी तिथली पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि त्या एका राज्यात सुमारे 4,800 कामगार घरी बसले. कापड आयातीवर देशवार मर्यादा घालणारी कोटा पद्धत पुरती संपायला (1 जानेवारी 2005) अजून दीड वर्ष होते! गिरणीच्या जागी आज संशोधन संकुल आहे. 1877 च्या आपल्या बंद पडलेल्या जुन्या मिलची गत सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको.

फरक एवढाच की आयातीमुळे काम गेले म्हणून तिकडच्या कामगारांना सरकारी योजनेतून प्रशिक्षण आणि भत्ता मिळाला. आपल्याकडे आरओएससीटीएलचा (राज्य व केंद्राचे कर परत देणारी योजना) परतावा निर्यात झालेल्या मालावर मिळतो. ऑर्डर रद्द झाली की परतावा शून्य, आणि तुकड्यावर काम करणाऱ्या विणकराची मजुरीही शून्य. शासनाकडे सवलत मागताना आपल्या संघटनांनी बंद मागांच्या दिवसांची मजुरीही मागावी. त्यासाठी मात्र कामगारांची नावे आधी हजेरीपटावर यायला हवीत, आणि ते मागमालकांच्याच हातात आहे.

– यंत्रमाग व्यवसायातील एक वाचक, सोलापूर