घरी पडून असलेले ऑक्सिमीटर, फोनवर बोलणारी माणसं आणि थोडे पाउंड: लंडनमधल्या हॅरो, वेम्ब्ली, साउथॉलच्या मंडळींना आवाहन (फेब्रुवारी २०२१)

नमस्कार मंडळी,

मेसेज लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. गणपतीची वर्गणी किंवा हॉलच्या बुकिंगचा विषय नाहीये, तेव्हा जरा शेवटपर्यंत वाचा आणि मगच फॉरवर्ड करा.

मागणं थोडक्यात असं, घरात पडून असलेले ऑक्सिमीटर हवेत, मराठी कोंकणी गुजराती हिंदी यातलं काहीही नीट बोलता येणारी आणि दुपारी तासभर मोकळी असणारी माणसं हवीत, आणि पैसे हवेत. पैसे कशाला ते खाली येतंयच.

गेल्या मार्चमध्ये (२०२०) लॉकडाऊन लागायच्याही आधी आपल्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलला आयसीयूचे बेड संपले म्हणून क्रिटिकल इन्सिडेंट जाहीर करावा लागला होता, आठवत असेल. नंतर आकडे आले तेव्हा कळलं की पहिल्या लाटेत इंग्लंड-वेल्समध्ये सगळ्यात जास्त मृत्युदर असलेल्या भागांत आपला ब्रेंट अगदी वरती होता. ब्रेंट म्हणजे वेम्ब्ली, आल्पर्टन, चर्च एंड, म्हणजे आपण जिथे भाजी आणायला जातो तोच भाग. एप्रिलमध्ये तर कोविडने गेलेल्या पहिल्या दहा डॉक्टरांची नावं बाहेर आली आणि त्यात एकही गोरा नव्हता, बीएमए या डॉक्टरांच्या संघटनेचे चांद नागपॉल तेव्हापासून याची चौकशी करा म्हणून मागे लागले होते. मे महिन्यात ओएनएसचा (सरकारी आकडेवारी खात्याचा) रिपोर्ट आला, वयाचा फरक काढून टाकला तरी काळ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या ४.२ पट. मग राहणीमान, शिक्षण, घर, आधीचं आजारपण असं सगळं धरून परत हिशोब केला तर तो १.९ पटीवर आला, आणि बांगलादेशी-पाकिस्तानी पुरुषांचा १.८ पट. म्हणजे निम्म्याहून जास्त फरक हा माणूस कुठे राहतो, काय काम करतो, खिशात काय आहे यातच निघून गेला. उरलेल्याचं काय ते शास्त्रज्ञ बघतायत, पण आपल्या ग्रुपवर मात्र उत्तर केव्हाच तयार होतं, आपलं रक्तच असं, व्हिटॅमिन डी कमी, आणि नाहीतर हळदीचा काढा घ्या. काढा घ्या हो, कोण नको म्हणतंय, पण काढा घेऊन बसची ड्युटी चुकत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि काही जणांना ते आवडणार नाही. सरकारी तक्त्यात आपण सगळे ‘इंडियन’ या एकाच रकान्यात आहोत. पिनरमध्ये स्वतःच्या घरात वरच्या बेडरूममध्ये लॅपटॉप लावून बसलेला आयटीवाला पण इंडियन, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्याहून आलेला, साउथॉलला एका घरात सात-आठ जणांबरोबर राहून वेअरहाऊसची नाइट शिफ्ट करणारा पण इंडियन. सरासरी काढली की आपला आकडा बांगलादेशींच्या मानाने बरा दिसतो आणि आपण म्हणतो आपलं ठीक चाललंय. कोणाचं ठीक चाललंय? गेल्या महिन्यात ओएनएसने कामाप्रमाणे आकडे दिले, सिक्युरिटी गार्ड आणि टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्युदर लाखामागे १०० च्या वर, आणि त्याच वयाच्या सगळ्या पुरुषांचा ३१ च्या आसपास. केअर होममध्ये काम करणाऱ्यांचाही दुपटीहून जास्त. हीथ्रोच्या आसपास, हाउन्स्लोला, केअर होममध्ये, सुपरमार्केटच्या गोडाऊनला कोण आहे ते बघा. लेस्टरमध्ये जूनच्या शेवटी देशातलं पहिलं लोकल लॉकडाऊन लागलं तेव्हा शिलाईच्या कारखान्यांच्या बातम्या आल्या होत्या, किमान वेतन ८.७२ पाउंड असताना तिथे लोक त्याच्या निम्म्यालाही काम करत होते, आणि ऑर्डर होती म्हणून कारखाने चालूच होते.

तर पैसे कशाला. आत्ताच्या (फेब्रुवारी २०२१) नियमाने कोविड निघाला की दहा दिवस घरी बसायचं. सरकारी सिक पे (२०२०-२१ चा) आठवड्याला ९५.८५ पाउंड. तेही एम्प्लॉयरकडे आठवड्याची सरासरी कमाई १२० पाउंड असेल तर, एजन्सीतून झीरो अवर्सवर (तासांची हमी नाही असं) काम असेल तर बऱ्याचदा तेही नाही. सेल्फ आयसोलेशनचे ५०० पाउंड आहेत पण ते मुख्यतः बेनिफिट मिळणाऱ्यांना, आणि ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घ्यायला बंदी) लिहिलंय ते काउन्सिलला फोनच करत नाहीत, भीती वाटते. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना सेटल्ड स्टेटसची (ब्रेक्झिटनंतर इथे राहायच्या हक्काची) चिंता, जून २०२१ अखेर मुदत आहे, त्यामुळे तेही कुठे नाव येऊ देत नाहीत. मग काय होतं, खोकला लपवून माणूस कामावर जातो, आणि त्याला दोष देणं सोपं आहे पण भाडं कोण भरणार ते सांगा. आपण भाडं भरू शकत नाही, तेवढी मंडळाची ऐपत नाही, पण दहा दिवसांचा शिधा (तांदूळ, आटा, डाळी, तेल, दूध, भाजी, मुलं असतील तर त्यांचं काही), फोनचा टॉप-अप आणि वीज-गॅसच्या प्रीपेड मीटरचं रिचार्ज एवढं दारात ठेवू शकतो. एका घराचा खर्च साधारण ७० पाउंड येतो. पूर्ण घर उचला, अर्धं उचला, दहा पाउंड द्या, चालेल. कोणालाही व्हिसा, पासपोर्ट, जात, गाव काही विचारत नाही आणि कोणाचंही नाव ग्रुपवर टाकत नाही, त्यामुळे कृपया ‘कोणाला दिलं’ विचारू नका, जमाखर्च मात्र दर महिन्याला टाकू.

ऑक्सिमीटर. गेल्या वर्षी सगळ्यांनी घाबरून ऑनलाइन मागवले, आता ते ड्रॉवरमध्ये आहेत. जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) घरी ऑक्सिमीटर देण्याची एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) योजना आहे, पण टेस्ट झाल्यापासून ते यंत्र हातात पडेपर्यंत जे एक-दोन दिवस जातात तिथे आपल्याला पुरवायचंय. ९५ ते १०० ठीक, ९३-९४ आलं तर जीपी किंवा १११ (एनएचएसची हेल्पलाइन), ९२ किंवा खाली आलं तर सरळ ९९९ (ॲम्ब्युलन्स), तिथे विचार करत बसायचं नाही. पण एक लक्षात ठेवा. डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांचा अभ्यास आलाय, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा सापडलं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. म्हणजे यंत्र बोटातून उजेड सोडून मोजतं आणि त्वचेतला रंग मध्ये येतो. तो अभ्यास काळ्या आणि गोऱ्या पेशंटचा होता, आपल्यासारख्या सावळ्यांचा नव्हता, त्यामुळे आपल्याला नेमका किती फरक पडतो ते त्यातून निघत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक यंत्राबरोबर मराठीत एक कागद देतोय, बरं असताना तुमचा आकडा किती ते आधी लिहून ठेवा, दिवसातून तीनदा बघा, नेलपॉलिश काढून, हात गरम करून, आणि आकडा चांगला दिसला तरी दम लागत असेल किंवा बोलताना वाक्य तुटत असेल तर आकड्याकडे न बघता फोन करा. हा कागद गुजराती आणि कोंकणीत कोणी करून देईल का? टायपिंग येत नसेल तर हाताने लिहून फोटो पाठवा.

आता फोनवाल्यांचं. १६ फेब्रुवारी २०२१ ला सरकारने आणखी १७ लाख लोकांना शिल्डिंगच्या (धोका जास्त म्हणून शक्यतो घरातच राहायचं) यादीत घातलं, त्यात वय, वजन, डायबिटीस, पोस्टकोड यांच्याबरोबर वंशही धरलाय. त्याची पत्रं येतायत आणि इंग्रजी पत्र, वर एनएचएसचा शिक्का, ज्येष्ठ मंडळींना वाटतंय काहीतरी गंभीर निघालं. एका आजोबांनी ते आठवडाभर देवघरात ठेवलं होतं, सुनेला दाखवलं नाही. पत्राचा अर्थ एवढाच की शक्यतो घरातच राहून काळजी घ्या आणि लस राहिली असेल तर तुमचा नंबर लवकर लागेल. हे त्यांच्या भाषेत, घाई न करता सांगणारं कोणीतरी हवंय. ६५ च्या पुढच्यांना आणि डायबिटीसवाल्यांना आता लस चालू आहे. जीपीकडे नाव नसेल तर नाव नोंदवायला पासपोर्ट लागत नाही, आणि लसीसाठी इमिग्रेशनची चौकशी होत नाही हे सरकारने याच महिन्यात जाहीर केलंय, हे मुद्दाम सांगायचं. लसीत गाईचं डुकराचं काही नाही हे पण सांगायचं, आणि चिडायचं नाही. एका सर्व्हेत ७२ टक्के काळे लोक म्हणाले की लस बहुतेक घेणार नाही, पाकिस्तानी-बांगलादेशींत ४२ टक्के. लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला नाही पटत, ज्याचं दुखणं आधी कोणी ऐकलं नाही तो सुईवर लगेच विश्वास कसा ठेवेल? त्यामुळे फोन करणाऱ्याने आधी निम्मा वेळ ऐकायचंय.

आणि हो, मंगळवारी अंगारकी आहे. दोघी काकूंनी उपास म्हणून त्या दिवशीची अपॉइंटमेंट रद्द करायला सांगितलीय. दंडात घेतलेल्या सुईने उपास मोडत नाही, साबुदाणा खाऊन जा म्हणावं.

ड्रायव्हर पण लागतील, मास्क लावून, खिडक्या उघड्या, मागच्या सीटवर एकच माणूस. थंडीत खिडकी उघडी म्हणून कुरकुर होईल, जाडा कोट घालायला सांगा. अमरावतीत परत लॉकडाऊन लागलंय, तिकडच्या आईवडिलांच्या काळजीत बरेच जण आहेत हे कळतं, त्यामुळे ज्यांना आत्ता जमणार नाही त्यांनी संकोच करू नका, एप्रिलमध्ये या, तेव्हाही काम संपलेलं नसेल.

अकाउंटचे डिटेल्स ग्रुपवर पिन केलेत, रेफरन्समध्ये फक्त ‘शिधा’ लिहा, नाव नको. फोनसाठी तयार असाल तर कोणती भाषा आणि कोणते वार एवढं अ‍ॅडमिनला पर्सनल मेसेज करा. ऑक्सिमीटर रविवारी ११ ते १ दरम्यान हॉलच्या गेटबाहेरच्या निळ्या खोक्यात टाका, बॅटरी काढून वेगळी पिशवीत, आणि लॉकडाऊन अजून उठलेलं नाही तेव्हा तिथे गप्पा मारत उभे राहू नका, गेल्या वेळी कम्युनिटी सेंटरवाल्यांनी आम्हालाच झापलंय.