देखभालीचा पैसा आधी बाजूला काढा

प्रति,
मा. अर्थ व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, याचा आनंद आहेच. हे पत्र मात्र औसा, कळंब, केज, माजलगावकडच्या गावरस्त्यांसाठी आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या ताब्यात. तिचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं, म्हणून दुरुस्तीची सारी भिस्त राज्याच्या अर्थसंकल्पातल्या ३०५४ या रस्त्यांच्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याखाली) येणाऱ्या अनुदानावर. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्याची पहिली ५ वर्षं ठेकेदार देखभाल करतो. त्यानंतर त्या रस्त्याला वाली उरत नाही.

आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेला, नाली गाळानं बुजली, की पाणी डांबराखाली शिरतं आणि खालचा थर पोचट होतो. मग कारखाने सुरू होतात आणि त्याच रस्त्यावरून आमच्या उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. आधी कडा तुटते, मग खड्डे. वेळेवर चार पाट्या मुरूम पडला असता, नाली उपसली असती, तर भागलं असतं. पूर्वी मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या डागडुजीला नेमलेले मजूर, हेच करत. आता रस्ता पुरता उखडेपर्यंत थांबायचं आणि मग नवं काम मंजूर करून आणायचं, ही रीत पडली आहे. हा जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे.

इंधनाच्या प्रत्येक लिटरवर आम्ही रस्त्यांसाठी केंद्राला उपकर भरतो. २००० च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या केंद्रीय रस्ते निधीच्या नावात २०१८ मध्ये ‘पायाभूत सुविधा’ आल्या आणि तो पैसा इतर कामांनाही देता येऊ लागला. उपकर असल्यानं, केंद्र आपल्या करांतला जो वाटा राज्यांना देतं, त्यातही तो धरत नाहीत. पण मोटार वाहन कर आणि इंधनावरचा व्हॅट तर आपल्याच तिजोरीत येतो. त्यातला ठरावीक हिस्सा अर्थसंकल्पातच गावरस्त्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवा, दुसरीकडे वळवता येणार नाही असा. वाटप करताना नुसती लांबी बघू नका, काळी माती आणि ऊसवाहतूकही धरा. गाळपाच्या टनामागे थोडी रक्कम घेतलीत तरी माझी तक्रार नाही, फक्त ती त्याच रस्त्यांवर लागावी.

आणि हा निधी मार्चअखेरीस नको. एप्रिलमध्येच जिल्हा परिषदेच्या हाती पडू द्या, म्हणजे मृगाआधी नाल्या उपसून होतील.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी