मॅटीचा हात आणि माझे तीन रुपये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'ट्रू ग्रिट' या वेस्टर्नच्या दोन चित्रपटांवरच्या, जॉन वेनच्या १९६९ च्या आणि जेफ ब्रिजेसच्या २०१० च्या, वाचकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. चांगले पाऊण पान! जॉन वेनवाले एका बाजूला, जेफ ब्रिजेसवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध तुमचे ते छायाचित्र. त्याच्याकडे शेवटी येतो. वाचता वाचता माझ्या चहाचे पाणी झाले, हिने दोनदा "काय झालं?" विचारले. काही नाही म्हटले. पण झाले होते.

एक गृहस्थ लिहितात, नव्याने जुन्याची नक्कल केली. अहो, दोन्ही चित्रपट चार्ल्स पोर्टिस यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून निघालेले. सख्खा भाऊ भावासारखा दिसला तर त्याने नक्कल केली म्हणायचे का? उलट बाजूचे वाचक म्हणतात, नवा चित्रपट काढणाऱ्या कोएन बंधूंनी पुस्तक "जसेच्या तसे" पडद्यावर आणले. यांनी पुस्तक बहुधा दुकानाच्या काचेतून पाहिलेले दिसते. अस्वलाचे कातडे पांघरून येणारा तो विक्षिप्त दंतवैद्य पुस्तकात नाही. झाडावर उंच टांगलेले प्रेत नाही. टेक्सास रेंजर लबीफ वाटेत रुसून निघून जातो, तेही नाही. इतकेच काय, ज्या काळ्या पट्टीवरून तुमचे वाचक हमरीतुमरीवर आले, ती वेन आणि ब्रिजेस दोघांनी रंगवलेल्या एकाक्ष मार्शल रूस्टर कॉगबर्नच्या डोळ्यावर पुस्तकात बांधलेलीच नाही! ती वेनच्या चित्रपटाने बांधली आणि कोएन बंधूंनी ठेवून दिली.

हे सगळे मी आज छातीठोकपणे सांगतो आहे, पण पूर्वी मीही त्याच पाऊण पानात शोभलो असतो. वेनचा चित्रपट मी कॉलेजात असताना मॅटिनीला पाहिला. पुस्तक हाती आले १९७९ च्या पावसाळ्यात, आमच्या पेठेतल्या एका वाचनालयातून. नायिका मॅटी खड्ड्यात पडली आहे, हात मोडला आहे, शेजारी माणसाचा सापळा आणि त्याच्या बरगड्यांत सापांचे वेटोळे. पान उलटले, तर थेट मागचे वेष्टन. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाच्या दाढ्या तेवढ्या शिल्लक होत्या. वेष्टनाच्या आत निळा शिक्का, 'पुस्तकाची पाने दुमडू नयेत'. दुमडली नव्हतीच कोणी!

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेलो. बाईंनी ते उलटे धरून झटकले, पाने आत कुठे अडकून बसली असावीत तसे, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्याकडे जाईपर्यंत तक्रार नव्हती." अनामतीतून तीन रुपये कापले. १९७९ चे तीन रुपये! पावतीही दिली नाही.

आता शेवट माहीत नसेल तर माणूस काय करतो? पाहिलेल्या चित्रपटाचा शेवट पुस्तकाला जोडून टाकतो. वेनच्या चित्रपटात मॅटी झालेल्या किम डार्बीचा हात झोळीत असतो, वेन घोड्यावरून कुंपण ओलांडतो, टोपी हलवतो, संपले. आमचे साडू बँकेत होते, वाचन दांडगे. ते एकदा जेवताना म्हणाले, "पुस्तकात त्या पोरीचा हात कापतात, कोपराच्या वरून." मी हसलो. मिसळीची पैज लावली आणि इतक्या तावातावाने बोललो की त्यांनी विषय सोडून दिला. भला माणूस.

पुढे नवा चित्रपट आला. शेवटी चाळिशीकडे झुकलेली मॅटी येते, एक बाही रिकामी, पिन लावून दुमडलेली. मी खुर्चीत खाली सरकलो. साडू तोवर जाऊन दोन वर्षे झाली होती. मिसळ राहिली.

तोही शेवट मला धड पाहू दिला नाही, ही त्यातली गंमत. "पंचवीस वर्षांनंतर" सुरू झाले तशी मल्टिप्लेक्सवाल्यांनी दारे उघडली, मंद दिवे लावले, आणि पुढच्या तीन रांगा उभ्या राहून मोबाइल चाचपू लागल्या. पडद्यावर मॅटी रूस्टरला भेटायला इतका प्रवास करून आलेली, तो काही दिवसांपूर्वीच वारलेला. जुना दरोडेखोर फ्रँक जेम्स तिच्यासमोर बसून राहतो म्हणून ती त्याला झापते, आणि आमच्या सभागृहात नेमके उलटे, बसायला कोणी तयार नाही! रूस्टरला ती आपल्या घरच्या दफनभूमीत नेऊन पुरते, ते मी एका गृहस्थांच्या काखेखालून पाहिले.

म्हणून मला वेन की ब्रिजेस हा वादच पोरकट वाटतो. गोष्ट मॅटीची आहे. बापाच्या खुन्याला पकडायला निघालेली चौदा वर्षांची पोर, घोड्यांच्या व्यापाऱ्याशी वकिलाचे नाव पुढे करकरून असा भाव करते की तुळशीबागेतल्या दुकानदारांनी हात टेकावेत. १९६९ वाल्यांनी तिचा हात वाचवला आणि बदल्यात पुस्तकात जिवंत राहणारा लबीफ मारून टाकला. ज्यांना हे किरकोळ वाटते त्यांनी 'शोले' आठवावा. ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो हा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला, पोलीस मध्ये आणले. त्याबद्दल आपण अजून हळहळतो ना? मग त्या पोरीच्या हाताबद्दल कोणी का बोलत नाही? वेनना ऑस्कर मिळाले. नव्या चित्रपटातली मॅटी, हेली स्टाइनफेल्ड, जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे, तर तिला नामांकन 'सहाय्यक' अभिनेत्रीचे! सहाय्य कोण कोणाला करत होते? चित्रपटाला दहा नामांकने आणि ऑस्कर एकही नाही, हेही तुमच्या त्या पाऊण पानात कोणाला सुचले नाही.

आता छायाचित्र. वेनची पट्टी डाव्या डोळ्यावर, ब्रिजेसची उजव्या. आपण ब्रिजेसचे छायाचित्र उलटे छापून पट्टी डावीकडे नेलीत आणि खाली लिहिलेत 'जॉन वेन'. दोन्ही पक्षांना एकाच वेळी दुखावण्याचे हे कसब वाखाणण्यासारखे आहे.

आणि विषय निघालाच आहे म्हणून, गेल्या तीन रविवारांपासून शब्दकोड्याची उत्तरे छापलेली नाहीत. आडवे ७ माझे अजून अडले आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ, पुणे