झडपेचं भांडण, अर्धं मिटलेलं

प्रिय दोस्ता,

चार महिने उत्तर दिलं नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक. एक दाढ काढली, बस. लिहितोय ते आपल्या जुन्या भांडणापायी: लेझरने टार्गेट (कच्च्या मालाची वडी) उडवून पातळ फिल्म चढवली की चेंबरमध्ये ऑक्सिजनची झडप कधी उघडायची. तू जिंकलास. पण अर्धंच.

फिल्म लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटची, लँथॅनम-स्ट्रॉन्शियम ७०-३०, खाली सबस्ट्रेट म्हणून स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक, ७०० अंश, ०.२ मिलिबार. सगळं तुझ्या वहीबरहुकूम. क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर फिल्मचं चुंबकत्व जातं ते, ३६० केल्विनच्या आसपास हवं, आलं २९०. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या मोजणीत) उभा लॅटिस, म्हणजे अणूंच्या जाळीचं उभं अंतर, ३.८५ अँग्स्ट्रॉम हवा, निघाला ३.८८. सबस्ट्रेट आडवा ताणतो म्हटल्यावर उभ्यात फिल्म आकसायला हवी, ही तर फुगलेली. ऑक्सिजन कमी पडला की तीन-प्लस मँगनीज वाढतं, ते चार-प्लसपेक्षा अंगाने मोठं, दुसरं काय होणार?

एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन उडवून मोजतात त्यात) मँगनीजच्या ३एस इलेक्ट्रॉनांच्या दोन शिखरांतलं अंतर ५.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ८.९५६ मधून त्याची १.१२६ पट वजा कर, मँगनीजचा सरासरी प्रभार मिळतो: ३.१. हवं होतं ३.३. एक ऑक्सिजन पळाला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि दोन मँगनीज चारावरून तिनावर येतात. म्हणजे दर तीस ऑक्सिजनांत एक बेपत्ता. (पृष्ठभाग साफ करायला आर्गॉन मारला नाही, काळजी नको. त्यात ऑक्सिजन आधी उडतो आणि नसलेलं क्षपण (चाराचं तीन होणं) दिसतं. तुझा टायटॅनियम तीन-प्लसचा जगप्रसिद्ध ‘शोध’ विसरलेलो नाही.)

लेझर थांबल्यावर पंप चालूच ठेवून फिल्म थंड केली, हा माझा गाढवपणा. गरम फिल्म तेवढ्या वेळात ऑक्सिजन सोडत बसते. तू ओरडायचास तेच बरोबर: लेझर थांबताक्षणी ५०० मिलिबार ऑक्सिजन भरायचा आणि मिनिटाला १० अंशांनी उतरायचं.

मग अर्धंच का? तीच फिल्म एक वातावरण ऑक्सिजनमध्ये ७०० अंशांवर चार तास भाजली. लॅटिस ३.८६ वर आला, क्युरी ३३५ वर, आणि तिथेच अडला. पुन्हा भाजली, ढिम्म. ऑक्सिजनचा हिशेब भाजून फिटतो, धातूंच्या प्रमाणाचा नाही. तू दाब म्हटलं की फक्त ऑक्सिजन मोजायचास. पण दाबाने प्लूमही, म्हणजे टार्गेटवरून उडणारा झोतही, बदलतो. हलकं मँगनीज वायूला आपटून जास्त विखुरतं, जड लँथॅनम सरळ पुढे येतो. फ्लुएन्स, म्हणजे टार्गेटच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी लेझरची ऊर्जा, घसरली तरी प्रमाण बिघडतं. माझा संशय तिच्यावरच.

बदलीचं काय झालं? धाकटीचा हात जुळला का? आईंना नमस्कार.

आणि त्या ३५५ केल्विनवाल्या फिल्मची फ्लुएन्स वहीत बघून कळव. नुसते मिलिज्यूल नकोत, टार्गेटवरच्या ठिपक्याचं क्षेत्रफळही हवं. ऊर्जा लेझर ज्यातून शिरतो त्या चेंबरच्या काचेबाहेर मोजली होती की आत? माझी काच आतून तपकिरी झाली आहे. ती शेवटची कधी पुसली, आठवत नाही.

तुझाच