मफीबोशेथचे न धुतलेले कपडे

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन झाल्यावर रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं. चौदा वर्षांचा पार्टनर, तुझ्या आईच्या हातचं जेवलेला माणूस, जाताना गिऱ्हाईकं पण घेऊन गेला, मी ऐकत होतो आणि मला काही बोलताच येईना. पण त्याहून जास्त मला लागलं ते तू शेवटी बोललास ते, की गोडाऊनच्या काकांकडनंपण चाव्या काढून घेतल्या, कारण कोणीतरी येऊन सांगितलं की तेही तिकडे सामील आहेत. म्हणून लिहायला बसलो, फोनवर तू मला पूर्ण बोलू देणार नाहीस.

तुला आठवत असेल, पेणला आमची आजी शनवारी दावीद राजाच्या गोष्टी मराठीतनं सांगायची, तूपण बसायचास ऐकायला. पण लहानग्या दावीदने गोफणीने धिप्पाड गोल्याथला मारलं, तिथेच ती थांबायची. पुढचं मी इथे इस्राएलात लोदला आल्यावर हिब्रूत वाचलं, आमच्या यहुद्यांच्या धर्मग्रंथातलं शमुवेलाचं दुसरं पुस्तक, आणि खरं सांगतो, दगाफटक्याबद्दल इतकं खरं लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही.

दावीदचा स्वतःचा मुलगा अबशालोम. रोज सकाळी वेशीपाशी उभा राहायचा, कोणी तक्रार घेऊन राजाकडे निघाला की त्याला थांबवायचा, कुठल्या गावचा रे तू, तुझं म्हणणं बरोबरच आहे पण राजाकडे ऐकणारं कोणी नाही, मी न्यायाधीश असतो तर बघ. कोणी पाया पडायला वाकला की त्याला हात धरून जवळ घेऊन मुका घ्यायचा. मूळ वाक्य असं आहे की त्याने इस्राएलच्या माणसांची मनं चोरली. गिऱ्हाईकं चोरण्याच्या आधी हे होतं, तुलाही आता मागचं सगळं आठवत असेल.

मग अबशालोमने हेब्रोन गावी बंड केलं आणि दावीदला कळलं की अहिथोफेल पण तिकडे गेला. हा त्याचा सल्लागार, त्याचा सल्ला म्हणजे देवालाच विचारल्यासारखं, असं लिहिलंय. दावीद यरुशलेम सोडून निघाला, किद्रोनचा ओढा ओलांडला, डोकं झाकून, अनवाणी, रडत रडत जैतुनाचा डोंगर चढला. मी त्या किद्रोनच्या खोऱ्यात गेलोय. तिथे खडकातली एक उंच समाधी आहे, तिला अबशालोमची म्हणतात, खरं तर ती त्याच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी बांधलेली, पण पूर्वी लोक येता जाता तिला दगड मारायचे आणि आईबाप ऐकत नसलेल्या पोरांना आणून दाखवायचे. मी तिथे उभा राहून वर डोंगराकडे बघितलं आणि मला मुलापेक्षा तो म्हातारा अनवाणी चढणारा बापच दिसत राहिला.

त्या वेळी दावीदबरोबर कोण निघालं माहितीये? इत्तय, गथचा. गथ म्हणजे गोल्याथचं गाव, शत्रूचा मुलूख! सहाशे माणसं घेऊन आलेला. दावीद त्याला म्हणतो, तू परका, कालच आलायस, परत जा. तो म्हणतो, माझा धनी जिथे असेल, मरायला असो की जगायला, तिथे मी. हे जवळजवळ सासूला तू जाशील तिथे मी येईन म्हणणाऱ्या रूथचं बोलणं झालं, आणि रूथ म्हणजे दावीदची पणजी, तीपण परकीच, शेजारच्या मवाब देशाची. आपलं कोण ते रक्तावरनं ठरत नाही हे त्याच्या घरातच होतं.

आता एक कडू गोष्ट, रागावू नकोस. अहिथोफेल का फिरला ते कुठे सरळ लिहिलेलं नाही. पण बथशेबा, जिला तिचा नवरा असतानाच दावीदने स्वतःकडे आणवलं, ती एलियामची मुलगी, आणि दावीदच्या शूर वीरांच्या यादीत अहिथोफेलचा मुलगा एलियाम असं नाव आहे, म्हणून आमच्या जुन्या गुरूंनी ती त्याची नात धरली. त्याच यादीत शेवटचं नाव उरीया हित्ती, तिचा नवरा. दावीदने त्याला लढाईवरनं बोलवलं, घरी जा म्हणाला, तर हा माझे लोक उघड्या रानात पडलेत आणि मी घरी जाऊन खाऊ पिऊ, बायकोजवळ झोपू, म्हणून राजवाड्याच्या दाराशी नोकरांबरोबर झोपला. त्याच्याच हातात चिठ्ठी दिली सेनापतीसाठी, की याला जिथे लढाई जोरात आहे तिथे पुढे ठेवा आणि मागे सरका, मरू दे. स्वतःचं मरण स्वतः घेऊन गेला तो, इतका विश्वासू. म्हणजे दावीदच्या घरात दगा आला तो बाहेरनं नाही आला. मी हे तुझ्या पार्टनरची बाजू घ्यायला लिहित नाहीये, त्याने केलं ते वाईटच केलं. पण चौदा वर्षांत आपल्याकडनं काय झालं हे रात्री एकट्याने बसून बघायला लागतं, मी बघितलंय, झोप लागत नाही.

पण ज्यासाठी पत्र लिहितोय ते आता. योनाथान, आधीचा राजा शौल याचा मुलगा आणि दावीदचा जिवलग, त्याचा मुलगा मफीबोशेथ, पाच वर्षांचा असताना दाईच्या हातनं पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दावीदने त्याला स्वतःच्या पंगतीला बसवलं, कायमचं. तर राजा पळत असताना मफीबोशेथचा नोकर सीबा येतो, दोन गाढवं, दोनशे भाकरी, मनुका, फळं, द्राक्षारसाचा बुधला. राजा विचारतो तुझा मालक कुठाय, तर म्हणतो यरुशलेमातच राहिला, त्याला वाटतंय आजोबांचं राज्य परत मिळेल. आणि दावीद, मुलाने फसवलेला, मित्राने फसवलेला, उपाशी, तिथल्या तिथे सगळी जमीन सीबाला देऊन टाकतो. एक प्रश्न विचारत नाही.

बंड मोडून राजा परत आल्यावर मफीबोशेथ समोर येतो. राजा गेला त्या दिवसापासनं पायांची निगा नाही, दाढी कापलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. म्हणतो, मी गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, नोकराने फसवलं, मी लंगडा. हिब्रूत दगा देण्याला बागद म्हणतात आणि कपड्याला बेगेद, मुळाक्षरं तीच. ज्याच्यावर दग्याचा आरोप तो न धुतलेल्या बेगेदमध्ये उभा आहे आणि राजा काय म्हणतो, कशाला जास्त बोलतोस, तू आणि सीबा जमीन वाटून घ्या. मफीबोशेथ म्हणतो, सगळी त्यालाच घेऊ दे, तुम्ही सुखरूप आलात ना. खोटं कोण बोललं ते पुस्तक सांगत नाही, पण आमच्या जुन्या गुरूंच्या चर्चांचा ग्रंथ आहे, तलमूद, त्यात म्हटलंय की दावीद हे बोलला तेव्हाच आकाशवाणी झाली, राज्यही असंच वाटलं जाईल.

मी माझ्या चुलतभावाशी सहा वर्षं बोललो नव्हतो, असंच एकाने येऊन काही सांगितलं म्हणून. भेटलो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले. त्याने एकदाही विचारलं नाही की तू मला का नाही विचारलंस. ते मला अजून जात नाही.

त्या अहिथोफेलबद्दलसुद्धा पिर्के अवोत म्हणून गुरूंच्या वचनांचं पुस्तक आहे त्यात लिहिलंय, दावीद त्याच्याकडनं फक्त दोन गोष्टी शिकला होता, तरी त्याला माझा गुरू, माझा जवळचा माणूस म्हणाला. तुझ्या पार्टनरला तू असं काही म्हणावंस असं मी सांगत नाहीये, आत्ता तर मुळीच नाही.

पण काकांकडे जा. दुकानात बोलावू नकोस, त्यांच्या घरी जा, त्यांच्या हातचं पाणी पी आणि मग विचार काय झालं ते. आणि ते कसे दिसतायत आजकाल, बघितलंस का तू? तेवढं मला कळव, रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझाच,
लोदवाला