सिलिंडर मोजा, मग नाव छापा

महोदय,

अरुणाचलच्या डोंगरात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचे अवशेष दिसले की वर्तमानपत्रे सरसकट ‘डकोटा’ म्हणून मोकळी होतात. १९४२ ते १९४५ या काळात आसामहून चीनमधल्या कुनमिंगला माल नेणाऱ्या ‘हम्प’ मार्गावर सी-४६ आणि सी-८७ ही मालवाहू विमानेही होती.

इंजिन सापडले तर आधी सिलिंडर मोजावेत. १८ असतील तर बहुधा सी-४६. १४ असतील तर बहुधा डकोटा, म्हणजे सी-४७, किंवा चार इंजिनांचे सी-८७. पत्र्यावरचा ‘अल्क्लॅड २४एसटी’ हा शिक्का दाखवून विमान ओळखल्याचे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. तो मिश्रधातूचा शिक्का आहे, विमानाचा नव्हे.

अमेरिकी लष्करी विमानांचा क्रमांक सालाने सुरू होई; शेपटीवर तो रंगवताना सालाचा पहिला आकडा गाळत. ‘४२’ऐवजी नुसता ‘२’. शेपूटच नसेल (गावकऱ्यांनी पत्रा वापरला, त्यात गैर ते काय?) तर इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक अमेरिकेच्या बेपत्ता विमानांच्या अहवालांशी ताडावा. हे अहवाल १९४३ पासून नियमित भरले जाऊ लागले, त्यामुळे आधीच्या अपघातांना ते फारसे उपयोगी नाहीत. पाटीचा फोटो जागेवरच, मोजपट्टी ठेवून काढावा. उचकटून आणलेली पाटी कोणत्या इंजिनाची, हे नंतर सिद्ध करता येत नाही. हाडे दिसल्यास हात न लावता प्रशासनाला कळवावे.

– एक वाचक, पुणे